पदवी केमिस्ट्रीची, काम भलतंच: वाट बदलताना कॉलेजचं शिक्षण कसं वापरायचं

मी बी.एस्सी. केमिस्ट्री. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका औषध कारखान्याच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत, सहा वर्षं काढली. रात्रपाळी करून सकाळी घरी यायचे तेव्हा शेजारच्या काकू पूजेला फुलं तोडत असायच्या आणि हमखास विचारायच्या, "आत्ता आलीस की आत्ता निघालीस?" सहाव्या वर्षी मलाही त्याचं उत्तर नीट देता येईना. आज मी पेटंट एजंट आहे. कुणी नवं रसायन किंवा ते बनवायची नवी प्रक्रिया शोधून काढली की त्याचा पेटंटचा अर्ज लिहायचा, पेटंट ऑफिसच्या हरकतींना उत्तरं द्यायची, हे माझं काम. वकिलीची पदवी माझ्याकडे नाही. या कामाला ती लागतही नाही.

वाट बदलत होते तेव्हा घरचे आणि दारचे एकच म्हणत होते, "मग डिग्री वायाच गेली म्हणायची." या वाक्यावर माझा जुना राग आहे, त्यातूनच हा लेख. पदवीवर जो विषय छापलेला असतो तो तिचा एक हिस्सा. दुसऱ्या वाटेला लागताना उरलेले हिस्से जास्त कामी येतात, आणि ते आपल्याकडे आहेत हेच बऱ्याच जणांच्या गावी नसतं. ते कुठे शोधायचे आणि कोणत्या क्रमानं वापरायचे ते लिहिते. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत, कारण इथलेच नियम मला जवळून माहीत आहेत.

आधी कपाटातली फाइल काढा

नोकरीच्या जाहिराती बघण्याआधी हे काम करा. कंटाळवाणं आहे, पण निम्मे लोक इथेच अडकतात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र एकत्र करा. पदवी प्रमाणपत्र म्हणजे दीक्षान्त समारंभानंतर विद्यापीठ देतं ते. अनेकांकडे फक्त शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका असते आणि पदवी प्रमाणपत्र कॉलेजच्या ऑफिसातून आणायचंच राहिलेलं असतं. दुसऱ्या विद्यापीठात पुढे शिकायचं असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. परदेशी जायचा विचार मनात असेल तर ट्रान्सक्रिप्टही, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा विद्यापीठानं दिलेला एकत्रित उताराही, काढून ठेवा. ती मिळायला वेळ लागतो, आणि नेमकी गडबडीच्या वेळी तो वेळ नसतो.

मग कागदावर तीन गोष्टी लिहा.

एक, पदवीचे एकूण टक्के. नुसतं "फर्स्ट क्लास" चालणार नाही, नेमका आकडा हवा. ग्रेड असतील तर तुमच्या विद्यापीठाचं टक्क्यांत रूपांतर करायचं सूत्र शोधा. प्रवेशाच्या अर्जात तेच विचारतात.

दोन, बारावीला किंवा पदवीला गणित होतं का. का ते पुढे येईल.

तीन, सगळ्या कागदांवर नाव एकच आहे का. माझ्या गुणपत्रिकांवर माहेरचं नाव होतं आणि आधारवर सासरचं. एका प्रवेशाच्या कागदपत्र पडताळणीत माझा अर्ज त्यामुळे अडकला आणि ती फेरी हातची गेली. विवाह नोंदणीचा दाखला आणि नावातल्या बदलाचं राजपत्र, दोन्ही आधीच काढलं असतं तर ते वर्ष वाचलं असतं. राजपत्रातली नोंद ऑनलाइन अर्ज करून होते. लग्न झालेल्या बायकांनी आणि आडनाव बदललेल्या सगळ्यांनीच हे काम आज करावं, उद्यावर टाकू नये.

एटीकेटी राहून पदवी अपुरी असेल तर दुसऱ्या कुठल्याही कोर्सचा विचार करण्याआधी ती पूर्ण करा. एका विषयापायी अडलेली पदवी म्हणजे शेवटचा हप्ता न भरलेलं घर.

पदवी पाहून कोणकोणती दारं उघडतात

लोक नोकरीच्या जाहिरातीत आपला विषय शोधतात आणि तो दिसला नाही की पान उलटतात. खरं तर "कोणत्याही शाखेची पदवी" हे शब्द आधी शोधायला हवेत.

यूपीएससीची नागरी सेवा, एमपीएससीची राज्यसेवा, आयबीपीएसची बँक अधिकारी परीक्षा, तिन्हींकडे कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. इथे अडचण विषयाची नसते, वयाची असते. खुल्या प्रवर्गासाठी यूपीएससीला ३२, बँक अधिकारी पदाला ३०, एमपीएससी राज्यसेवेला ३८ ही कमाल मर्यादा आहे. मागासवर्गीयांना यात सवलत आहे, एमपीएससीत ती ४३ पर्यंत जाते. म्हणजे नोकरी करता करता पस्तिशीत आलेल्या माणसाला एक दार बंद झालं तरी दुसरं उघडं असतं. मात्र ह्या वाटेवर निघताना "किती वर्षं" हे आधीच कागदावर लिहा आणि तो कागद घरच्यांना दाखवा. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत चाळिशीला टेकलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या हुशारीबद्दल मला जराही शंका नाही. तारीख ठरवली नव्हती, एवढंच.

फारसं कुणी सांगत नाही असं एक दार आपल्या राज्यातच आहे: जी.डी.सी. अँड ए., म्हणजे सहकार खात्याची शासकीय सहकार व लेखा पदविका. कोणत्याही शाखेचा पदवीधर ही परीक्षा देऊ शकतो. सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात ही पदविका चालते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये प्रमाणित लेखापरीक्षक कुणाला म्हणायचं ते सांगताना पदवी, ही पदविका, संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान ३ वर्षांचा अनुभव आणि कामापुरतं मराठीचं ज्ञान, अशा अटी घातल्या आहेत. गृहनिर्माण संस्था, पतसंस्था, सेवा सोसायट्या: महाराष्ट्रात याला तोटा नाही. मराठी येणं ही जिथे कायद्यात लिहिलेली पात्रता आहे अशा फार थोड्या कामांपैकी हे एक. माझ्या ओळखीतल्या बी.ए. इतिहास झालेल्या एका बाईंनी मुलं मोठी झाल्यावर ही परीक्षा दिली आणि आज त्या चार तालुक्यांतल्या सोसायट्यांची दप्तरं तपासतात.

पुढचा गट म्हणजे पदवीवर चढवायची दुसरी पदवी किंवा परीक्षा. तीन वर्षांचं एलएल.बी. कुठल्याही पदवीनंतर करता येतं. खुल्या प्रवर्गाला पदवीला ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के पुरतात, आणि राज्याच्या सीईटी सेलची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नोकरी सांभाळून सकाळच्या वर्गांना जाणारे अनेक असतात, पण ७० टक्के हजेरीचा नियम आहे, तो विसरून प्रवेश घेऊ नका. आणि ज्याला सनद घेऊन कोर्टात उभं राहायचं आहे त्याला पूर्णवेळ पगारी नोकरी सुरू ठेवता येत नाही, हेही आधी समजून घ्या.

शिक्षक व्हायचं तर दोन वर्षांचं बी.एड., पदवीला साधारण ५० टक्के आणि त्याचीही सीईटी. संगणकाकडे वळायचं तर एमसीए आता दोनच वर्षांचं आहे. तिथे ती बारावीच्या गणिताची नोंद कामी येते: बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. कुणालाही एमसीए करता येतं, पण बारावीला किंवा पदवीला गणित होतं का ते बघतात, म्हणून त्या वर्षीच्या माहितीपत्रकात नेमकी अट वाचा. ज्यांचा संगणकाशी आधी संबंध नव्हता त्यांना काही जोडविषय करावे लागतात. सी.ए.ला पदवीधरांसाठी थेट इंटरमीडिएटला बसायची सोय आहे: वाणिज्य शाखेला ५५ टक्के, बाकीच्यांना ६०. मला ५८ होते. दोन टक्क्यांनी ते दार माझ्यासाठी बंद झालं, आणि खरं सांगायचं तर बरंच झालं. हिशेबात माझं मन कधीच लागलं नसतं.

तिसरा गट सगळ्यात कमी चर्चेतला. इथे तुमचाच विषय लागतो, पण काम मात्र अगदी वेगळं असतं. पेटंट एजंट हे त्याचं उदाहरण. पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम १२६ प्रमाणे भारतीय नागरिकत्व, वय २१ पूर्ण, विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी आणि पेटंट एजंट परीक्षा उत्तीर्ण, एवढं पुरतं. दोन लेखी पेपर आणि तोंडी परीक्षा असते. पहिला पेपर कायदा-नियमांचा, दुसरा प्रत्यक्ष मसुदा लिहिण्याचा. प्रत्येक पेपरात किमान ५० टक्के आणि एकूण ६० टक्के लागतात. ही परीक्षा दरवर्षी होतेच असं नाही, म्हणून जाहीर होईपर्यंत वाट बघत बसू नका, तयारी चालू ठेवा. एजंटाला पेटंट ऑफिसपुढे काम करता येतं, कोर्टात मात्र वकीलच लागतो. मुंबईचं पेटंट ऑफिस अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात आहे. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा लॅबचा वास अजून ओढणीला होता.

अशी जवळची पण वेगळी कामं जवळपास प्रत्येक पदवीला असतात. केमिस्ट्रीवाल्यांना रेग्युलेटरी अफेअर्स, म्हणजे औषधाच्या परवानगीची कागदपत्रं तयार करणं. मराठी साहित्याच्या पदवीधरांना भाषांतर, उपशीर्षकं, ॲपच्या मराठी मजकुराची तपासणी. भूगोलवाल्यांना जीआयएसचे, म्हणजे संगणकावर माहिती जोडून बनवायचे नकाशे. वाट बदलायची म्हणजे गावच बदलायला हवं असं नाही. कधी कधी शेजारची आळी पुरते.

विषयांची नको, केलेल्या कामांची यादी करा

बायोडेटात आपण "ऑरगॅनिक, इनऑरगॅनिक, फिजिकल केमिस्ट्री" असं लिहितो. केमिस्ट्रीबाहेरच्या माणसाला त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी एक वही घ्या आणि पदवीच्या तीन वर्षांत हातानं काय केलं ते लिहा. दहा मिनिटांत होणार नाही. चार-पाच दिवस वही जवळ ठेवा, आठवेल तसं लिहीत जा.

माझ्या वहीत पहिल्या दिवशी "प्रॅक्टिकल्स" एवढाच शब्द होता. मग मी तो फोडला. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत रंग बदलायची वाट बघणं. तीन रीडिंग सारखी येईपर्यंत पुन्हा करणं. (आणि पहाटेच्या सबमिशनला न आलेली रीडिंग "जुळवणं". तेही आपण सगळ्यांनी केलं आहे, पण ते वहीत लिहू नका.) जर्नल लिहिणं: उद्देश, पद्धत, निरीक्षण, अनुमान. व्हायवामध्ये सर उलटसुलट विचारत असताना आपल्या निष्कर्षावर ठाम राहणं. शेवटच्या वर्षीच्या प्रोजेक्टसाठी ग्रंथालयात बसून जुने शोधनिबंध वाचणं आणि आपलं काम आधी कुणी केलंय का ते बघणं.

हे शेवटचं वाक्य लिहिलं आणि माझाच हात थांबला. पेटंटच्या जगात ह्याला प्रायर आर्ट सर्च म्हणतात आणि त्यासाठी कंपन्या पगार देतात. पेटंटच्या अर्जासोबत शोधाचं सविस्तर वर्णन द्यावं लागतं, ते तपशीलपत्र, आणि त्याची रचना थोडीफार उद्देश, पद्धत, निरीक्षण, अनुमान याच धर्तीची असते. आणि क्यूसीत सहा वर्षं लागलेली सवय, चुकलेला आकडा खोडरबरानं पुसायचा नाही, त्यावर एक रेघ मारून शेजारी सही आणि तारीख टाकायची, ती तर कायद्याच्या कागदांसाठीच जन्मल्यासारखी होती.

तुमच्या वहीत वेगळं निघेल. बी.कॉम.वाल्यानं कॉलेजच्या फेस्टिव्हलला प्रायोजक मिळवले असतील तर ती विक्री आहे. एनएसएसच्या शिबिरात सात दिवस सत्तर जणांच्या जेवणाचा हिशेब ठेवला असेल तर ते व्यवस्थापन आहे. बी.ए.च्या विद्यार्थिनीनं समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी वस्तीत जाऊन प्रश्नावल्या भरून घेतल्या असतील तर यूझर रिसर्चच्या, म्हणजे वस्तू वापरणाऱ्यांना काय हवंय ते शोधायच्या, कामात पहिल्या दिवशी तेच करायचं असतं. प्रत्येक नोंदीपुढे एक आकडा लिहा: किती माणसं, किती दिवस, किती रुपये. आकडा नसेल तर ती नोंद बायोडेटात टिकत नाही.

मग जे काम हवंय त्याच्या पाच जाहिराती घ्या आणि त्यांतली क्रियापदं अधोरेखित करा. तुमच्या वहीतली क्रियापदं त्यांच्याशी जिथे जुळतात तेवढंच बायोडेटात वर आणा. बाकीचं खाली गेलं तरी चालेल.

वर्गाबाहेरचं कॉलेज

डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकताना नाटक त्यांच्या अंगात भिनलं. पुढे परदेशात प्रशिक्षण, पुण्यात प्रॅक्टिस, काही काळ आफ्रिकेत सर्जन म्हणून नोकरी, हे सगळं होऊन १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, ते पूर्णवेळ नट झाले. त्याच कॉलेजातून आलेल्या डॉ. मोहन आगाशे यांनी मात्र मनोविकारशास्त्राची प्राध्यापकी सोडली नाही आणि अभिनयही. दोन वाटा, दोन्ही खऱ्या. दोघांच्याही बाबतीत दुसऱ्या कामाचं बी पडलं ते एमबीबीएसच्या अभ्यासक्रमाबाहेर, पण कॉलेजच्या आवारातच. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या तालमी १९६३ पासून पुण्यातल्या किती कॉमर्स-सायन्सच्या मुलांची आयुष्यं वळवत आल्या आहेत, ते नाट्यक्षेत्रातल्या कुणालाही विचारा.

लागूंसारखं सगळ्यांना जमत नाही, हे मान्य. पण त्यातून उचलण्यासारखं एक आहे: कॉलेजात तुम्ही कुणासोबत होता याची यादी करा. बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप सुप्रभातच्या फुलांनी भरलेला असतो, तरी त्यात साठ माणसं साठ धंद्यांत असतात. मी आमच्या ग्रुपवर विचारलं, "लॅब सोडून दुसरं काही करतंय का कुणी?" एकीचं उत्तर आलं की ती ठाण्याला पेटंट सर्चचं काम करते. ही बाई कॉलेजात माझ्या शेजारच्या बाकावर बसायची. सहा वर्षं आम्ही एकमेकींच्या वाढदिवसाला केकचं चित्र पाठवत होतो आणि तिचं काम काय ते मला माहीत नव्हतं.

अशा माणसाला भेटायला जाताना नोकरी मागू नका. मागितली की समोरचा अवघडतो आणि बोलणं आटोपतं घेतो. दिवसभर नेमकं काय करतेस? कुठला भाग कंटाळवाणा आहे? सुरुवातीला किती पगार मिळतो? माझ्यासारखी कुणी आली तर पहिले सहा महिने कुठे अडेल? एवढंच विचारा. शेवटी, "आणखी कुणाशी बोलू?" असं विचारून निघा. चार भेटींनंतर तुम्हाला त्या क्षेत्राची भाषा येऊ लागते, आणि मुलाखतीत तीच उपयोगी पडते.

जुन्या सरांना विसरू नका. आमच्या एका निवृत्त सरांनी माझ्यासाठी दोन ओळींचं शिफारसपत्र लिहिलं. त्यात "ही मुलगी न आलेलं रीडिंग आलं म्हणत नाही" असं वाक्य होतं. वर कंसात काय लिहिलंय ते सरांनी वाचू नये अशी माझी इच्छा आहे.

राजीनाम्याआधी तीन महिने चाखून बघा

नोकरी चालू असताना नव्या कामाचा लहानसा तुकडा करून बघा. स्वयम् आणि एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळांवर आयआयटी आणि इतर विद्यापीठांच्या प्राध्यापकांचे कोर्स मोफत पाहता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेचं शुल्क भरावं लागतं. पण नुसते व्हिडिओ बघून कळत नाही, हातानं करा. मी इनपास या पेटंट ऑफिसच्या मोफत शोधयंत्रावर रोज एक जुनं तपशीलपत्र काढून वाचायचे आणि त्याचे दावे, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागितला आहे ते, स्वतःच्या शब्दांत लिहायचे. पहिल्या आठवड्यात एका पानाला दोन तास लागले. तिसऱ्या महिन्यात रात्रपाळीच्या चहाच्या सुट्टीत एक वाचून व्हायचं, आणि मुख्य म्हणजे मला त्याची वाट बघावीशी वाटायची.

शिक्षक व्हायचंय? मग बी.एड.चा अर्ज भरण्याआधी रविवारी आळीतल्या आठवीच्या दहा मुलांना गणित शिकवून बघा. कोडिंग शिकायचंय? मग आधी आपल्या सोसायटीचा देखभाल खर्चाचा हिशेब ठेवणारं काहीतरी बनवा. तीन महिन्यांत कंटाळा आला तर तुमचे फक्त तीन महिने गेले, फी गेली नाही.

कोर्स निवडताना

इथे लुबाडणूक सगळ्यात जास्त आहे, म्हणून सावध.

मुक्त किंवा ऑनलाइन पदवी कमी दर्जाची ही समजूत जुनी झाली. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२२ मध्ये स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त मुक्त आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या आहेत. त्याच वर्षापासून एकाच वेळी दोन पदव्या करायलाही मुभा आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, इग्नू १९८५ पासून. नोकरी, संसार सांभाळून पुढे शिकायचं तर ह्या दोन्हींचे अभ्यासक्रम आधी बघा. मात्र पैसे भरण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत ते विद्यापीठ आणि तोच अभ्यासक्रम, दोन्ही आहेत का ते स्वतः तपासा. विद्यापीठ मान्य आणि अभ्यासक्रम अमान्य, असंही घडतं. कायदा, अभियांत्रिकी, नर्सिंग, फार्मसी यांसारख्या पदव्या दूरशिक्षणानं मान्य नाहीत. तसं कुणी देतो म्हणाला तर नमस्कार करून निघा.

"शंभर टक्के प्लेसमेंट" आणि "नोकरी लागल्यावर फी भरा" अशा जाहिरातींबद्दल माझं मत वाईट आहे. नोकरीनंतर फी भरायच्या योजनेत सही करताना तो करार नेमका कुणाशी आहे ते वाचा. कधी कधी ते सरळ एका वित्तसंस्थेचं कर्ज असतं, हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होतो आणि कोर्स आवडला नाही म्हणून तो थांबत नाही. शैक्षणिक कर्ज घ्यायचंच तर बँकेतून घ्या. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अनेक बँकांकडे अर्ज करता येतो, आणि जुनी करप्रणाली निवडलीत तर प्राप्तिकरात व्याजाची वजावट मिळते.

पैसे, तारखा आणि स्वयंपाकघरातलं बोलणं

राजीनाम्याची तारीख भावनेच्या भरात ठरवू नका. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी साधारण सलग ५ वर्षं लागतात. हिशेब ढोबळमानानं असा: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. ही बेरीज १८,००० असेल तर ५ वर्षांचे सुमारे ५१,९०० रुपये होतात. चार वर्षं आठ महिने झाले असतील तर थोडं थांबा, त्यातून एका वर्षाची फी निघू शकते. पीएफ काढून टाकू नका. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, तोच ठेवून नव्या नोकरीत वर्ग करा. सलग ५ वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागतो.

घरखर्चाचे किमान सहा महिन्यांचे पैसे बाजूला हवेत. नव्या क्षेत्रात पहिला पगार बहुतेक वेळा कमी असतो. माझा जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं कमी झाला. हे घरच्यांना आधी आकड्यांत सांगा. मी नवऱ्याला आणि सासूबाईंना एका रविवारी स्वयंपाकघरातच बसवून कागद दाखवला: इतके महिने, इतकी फी, इतका कमी पगार, ह्या तारखेपर्यंत जमलं नाही तर परत लॅब. सासूबाईंनी कागद उलटा करून पाहिला आणि विचारलं, "रात्रपाळी असेल का?" नाही म्हटल्यावर त्यांचा विरोध तिथेच संपला.

मुलाखतीत "का बदलताय?" ला काय सांगायचं

जुन्या नोकरीची तक्रार करू नका, साहेबाची तर नाहीच. उत्तराला तीन पायऱ्या पुरतात: कॉलेजात आणि कामावर काय केलं, त्यातलं काय आवडतंय हे कधी लक्षात आलं, आणि ते करून बघण्यासाठी स्वतः काय केलं. मी म्हटलं, "लॅबमध्ये मला नमुन्यापेक्षा त्याचा अहवाल लिहायला जास्त आवडायचं. गेले तीन महिने रोज एक तपशीलपत्र वाचते आहे, ही त्याची वही." समोरच्यांनी वही घेतली आणि पुढचा अर्धा तास तीच चाळली. माझे ५८ टक्के कुणी विचारलेसुद्धा नाहीत. पदवी आहे की नाही एवढं मात्र पहिल्याच मिनिटाला तपासलं, कारण कलम १२६ प्रमाणे तिच्याशिवाय मला पुढे परीक्षेलाच बसता आलं नसतं.

आणि जुनी नोकरी सोडताना अनुभवपत्र हातात घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नका. पद, विभाग, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, शिक्का, सही, सगळं तिथल्या तिथे वाचून घ्या. आमची लॅब नंतर दुसऱ्या मालकाकडे गेली. माझ्याबरोबरच्या दोघी "पोस्टानं पाठवतो" यावर विसंबून निघाल्या होत्या. त्या अजून ते पत्र मागताहेत.